शेवटचा एक हात रंधा

२ मार्च, सकाळी ६.४०
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: दारं २१४, चौकटींसह. खिडक्या ३९०, त्यातली एक गोल. पलंग ६१. जिने ४, एकही करकरत नाही. पाळणे ९, नववा आपल्या लेकीचा. रंधे ३, ज्यांनी वरचं सगळं तासलं. कुणी शिकवलं: कुणी नाही.
परदेशी कामाच्या व्हिसाच्या फॉर्मवर ‘कामाचा अनुभव’ यासाठी जागा तीन ओळी. पुरवणी जोडली. पानं अकरा.
अट: अर्जाच्या दिवशी पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. माझी २८ तारखेला होतात. सव्वीस दिवस. लाकूड वाळायलाही याहून जास्त लागतात. पण मी काय लाकूड आहे?

४ मार्च
चार महिन्यांत काम एकच: शेजारणीच्या स्टुलाचा पाय. लोक आता भुशाच्या फळीची कपाटं खोक्यातून आणतात आणि किल्लीने पिळून उभी करतात. घर हिच्या शिलाई मशीनवर चाललंय. तात्पुरतं. (नोव्हेंबरपासून तात्पुरतं.) तिकडे सुतारांचा तुटवडा आहे. वाट बघत असतील.

९ मार्च
अनुभवाचं पत्र हवं, म्हणून जुन्या मालकांकडे गेलो. त्यांच्या कारखान्यात चौदा वर्षं काढली, सोडलं एका ड्रॉवरवरून. मी म्हणालो, मागूनही पॉलिश हवं. ते म्हणाले, मागे कोण बघतो. मी बघतो. असो, अडला हरी. पाय कुणाचे धरले ते लिहीत नाही.
म्हणाले, तूच लिही, मी सही करतो. चार पानं लिहिली. त्यांनी चारही परत केली आणि स्वतःच्या हाताने खरडलं: ‘कामाला होता. काम उत्तम. वेळेवर कधीच नाही.’ शिक्का वाकडा. तिसरं वाक्य भाषांतरात बरं वाटेल.

१३ मार्च
भाषेची परीक्षा पास. काठावर. परीक्षक बाईंनी छंद विचारले, मी सागवानावर नऊ मिनिटं बोललो. त्यांनीच थांबवलं. भारावल्या असाव्यात.

१९ मार्च
उद्या प्रशिक्षण केंद्रात ट्रेड टेस्ट, म्हणजे हातकामाची परीक्षा. ती पास झाल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. ही मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “अहो, सांगतील तेवढंच करा. जास्त काही करू नका.”
संकल्प: तेवढंच करणार. तशी हिला सुतारकामातलं काय कळतं!

२० मार्च, रात्री ८
ड्रॉइंग पोरखेळ होतं. दोन तुकडे, एकात खाच, दुसऱ्याला त्यात बसणारं कुसू, जोडून दाखवा. जाडी चाळीस मिलिमीटर, एक इकडेतिकडे माफ. वेळ चार तास. माझं दोन तास दहा मिनिटांत झालं. सांध्यात कागद शिरेना. शेजारच्या बाकावरचा अजून पेन्सिल शोधत होता.
उठतच होतो. पण एका बाजूला करवतीची खूण. नखाला लागेल न लागेल इतकी. असं काम टाकून कोण उठतो? एक हात रंधा मारला. मग दुसरी बाजू पहिलीपुढे ओबडधोबड दिसायला लागली. मग तिसरी. चौथीने काय पाप केलं होतं? वेळही पडला होता.
परीक्षकाने सांध्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग कॅलिपर लावला. साडेसदतीस. मी समजावलं की चाळीस जाडजूड दिसतं, ड्रॉइंग काढणाऱ्याची नजर कच्ची आहे. तो म्हणाला, “असेल काका. पण मला मापच बघायचंय.”
नापास.
केंद्राच्या मुख्य बाईंनी तो सांधा हातात घेऊन आत बोलावलं. काहीतरी विचारलं. मी ताठ मानेने नाही म्हणालो आणि निघालो.

२१ मार्च
पुढची टेस्ट १० एप्रिलला. आईला फोन केला: मी नक्की २८ मार्चलाच जन्मलो ना? आई म्हणाली, हो रे, तुलाच घाई, दोन आठवडे आधी आलास.
म्हणजे वेळेवर आलो असतो तर ११ एप्रिल. आयुष्यात एकदाच लवकर पोचलो, तेव्हा.

२३ मार्च
वयात सूट मिळावी म्हणून ईमेल. सहा पानं, सोबत गोल खिडकीचा फोटो. चार मिनिटांत उत्तर आलं. इतक्या झटपट म्हणजे होकारच, असं समजून उघडलं. कॉम्प्युटरने आपोआप धाडलेली पोच होती.

२५ मार्च
केंद्रात फोन केला. सहज, चौकशीपुरता. म्हणाले, ती जागा काल भरली. कसली जागा, ते लिहीत नाही.

२८ मार्च
पंचेचाळीस पूर्ण. हिने शर्ट शिवला होता, माप न घेता. खांद्यात, बाहीत, कुठे सुताचाही फरक नाही.
जेवताना म्हणाली, “इतका चांगला सांधा केलात, तिथे कुणीच काही म्हणालं नाही?”
नाही म्हणालो. लेकीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.
ही वही कुणी उघडत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. बाईंनी देऊ केलं होतं: केंद्रात शिकायला येणाऱ्यांना रंधा शिकवायचा. नोकरी कायमची, नऊ ते पाच. मी म्हणालो, मी परदेशी जाणारा माणूस. महिना सव्वीस हजार.