ताईच्या बुटांचं माप

सोमवार, ९ मार्च. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. दुकानात एका बुटाला टाच ठोकत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

प्रिय ताई,

नमस्कार. आई बरी आहे. मीही बरा. वस्तादांचा खोकला थांबला, तोंड थांबलेलं नाही.

तुझा व्हिडिओ मिळाला. बारा सेकंद. सोबत एक अक्षरही नाही. शाळेच्या व्हरांड्यातून नवा जोड घालून तू चालत येतेस, एकोणीस पावलं. डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. डावा, उजवा, डावा, उजवा, सगळे सारखे! वस्तादांनी चष्मा लावून तीनदा पाहिला. "अरे, लंगडत नाही रे पोरगी!" मग दुकानात येईल त्याला दाखवत सुटले, जणू बूट त्यांनीच शिवलेत. आई म्हणाली, तू आजपासून पुन्हा वर्गावर. मी हातातली हातोडी खाली ठेवली आणि मोठ्यानं हसलो. गिऱ्हाईक दचकलं.

उत्तर फोनवर लिहायला घेतलं होतं. सात वेळा लिहिलं, सात वेळा पुसलं. कागदावर खोडलेलंही दिसतं, म्हणून पत्र.

पहिल्या जोडानं तुझ्या आखूड पायाची टाच सोलली, जखम चिघळली, वर्गात उभं राहवेना म्हणून तुझं शिकवणं थांबलं. तेव्हा आईसमोर मी म्हणालो, "बूट बरोबर आहे, तूच पाऊल वाकडं टाकतेस." तू म्हणालीस, "तुझं ते इंटरनेट माझा पाय खाणार." आणि बोलणं बंद.

बूट बरोबर नव्हता, ताई. इंटरनेटवर 'दहा मिनिटांत बूट' शिकवणाऱ्या त्या माणसाचं बघून मी तुला स्टुलावर बसवून माप घेतलं. त्याला दोन लाख लोक बघतात. वस्ताद बजावत होते, "आपण टाचा ठोकणारी माणसं, आखूड पायाचा बूट आपलं काम नाही. आणि तुझा गुरू खिशात राहतो, चार्जिंग संपलं की विद्या संपते!" मला राग यायचा.

नंतर एक परदेशी म्हातारा सापडला. जन्मभर असेच बूट केलेला. त्याला बघणारे जेमतेम चाळीस. मी तुझ्या त्या बुटाचे फोटो पाठवले. त्यानं काही शिकवलं नाही, आधी विचारलं, "मुलगी बसली होती की उभी?" फोननं भाषांतर करून दाखवलं आणि माझे कान तापले. अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. त्यातून आखूड पायाखाली फळ्या सरकवून कंबर सरळ करायची, मगच माप.

हे मला नोव्हेंबरातच कळलं होतं. आधी बूट करून दाखवू, मग सांगू, असं मनाला सांगत राहिलो. खरं कारण भीती.

आई तुझ्याकडे आली, परकराची किनार बघायची म्हणून आखूड पाय वह्यांच्या चळतीवर ठेवून तुला अनवाणी उभं केलं आणि खाली कागद सरकवून पावलाभोवती पेन्सिल फिरवली. तो बेत माझा. आई म्हणाली, "पोरीला संशय आला होता, पण हलली नाही." त्या न हलण्यावर मी तीन महिने काम केलं.

तळ मात्र जमेना. शेवटी वस्ताद स्वतः फोनसमोर बसले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही. दोघांनी आपापले बूट काढून कॅमेऱ्यासमोर नाचवले, भांडले, एकमेकांना वेड्यात काढलं आणि तासाभरात टाचेचा उतार ठरला. आता वस्ताद रोज विचारतात, "आपला म्हातारा आला का रे?"

इंटरनेटबद्दल तुझं म्हणणं मी खोटं ठरवत नाही. पण पाय त्यानं खाल्ला नाही. मी खाल्ला. तुला न विचारता, न ऐकता. माझं चुकलं.

हिशेब:
चामडं ७४०
तळाचं रबर २१०
दोरा, खिळे, डिंक ६५
कुरिअर ९०
एकूण ११०५. सगळे चुकते.
देणं: तुझे आठ महिने. या रकान्यात घालायला आकडा सापडला नाही. दरवर्षी एक जोड पाठवीन. मापाला येशील तेव्हा तुला उभं करीन.

तुझा भाऊ