गाडी पूर्ण आली

१२ सप्टेंबर २००४
रेल्वेचा पोलीस अण्णांना घरी घेऊन आला. अण्णांच्या हातात माझ्या रेवाचा लाल स्वेटशर्ट. कालव्याकडच्या रुळांत उभे राहून तो हलवत होते म्हणे. मालगाडीला करकचून ब्रेक मारावे लागले. पोलीस नीट बोलला, पण पुढच्या वेळी केस होईल म्हणाला. अण्णा त्या गोऱ्या पोलिसाला मराठीत सांगत होते, "अर्धी गाडी मागं राहिलीय, साहेब." साहेबानं मान डोलावली. मीही.

१४ सप्टेंबर
आज शांतपणे विचारलं, तर अण्णांनी त्यांच्या रेल्वेतल्या केबिनमनच्या नोकरीचं सगळं नीट सांगितलं. गाडी केबिनसमोरून गेली की केबिनमननं शेवटचा डबा बघायचा. गार्डचा डबा, मागे पाटी, रात्री लाल दिवा. तो दिसला नाही तर गाडी मध्येच तुटलीय, उरलेले डबे मागे रुळांवर उभे आहेत. मग मागून येणारी गाडी थांबवायची. कशीही.
इथल्या मालगाड्यांना गार्डचा डबाच नसतो. सांगून पाहिलं. "मग गाडी संपली हे कुणी बघायचं?" म्हणाले. यंत्र बघतं म्हटलं. माझ्याकडे असं पाहिलं की मी भाजी चिरायला गेले.

१९ सप्टेंबर
हे घर घ्यायलाच नको होतं. लेमाँट गावात स्वस्त मिळालं, मागच्या लाकडी डेकवरून रूळ दिसतात, पलीकडे कालवा आणि मालाच्या बार्जेस. अण्णा भारतातून आले त्या दिवशी डेकवर उभे राहून वास घेत म्हणाले, "कारखाना कुठाय?" त्यांची केबिन कागद कारखान्याच्या कालव्याला लागून होती. फेसाळ पिवळं पाणी, बांबूच्या मोळ्या, आणि तो सडका वास. तो आमच्या क्वार्टरमध्ये, गाद्यांत, आईच्या केसांत. सबंध नोकरी त्यांनी त्या काठावर काढली. जेवण उभ्यानं. सिग्नलचा लिव्हर उघड्या हातानं धरायचा नाही, घामानं गंजतो, म्हणून फडकं. आजही आमच्या फ्रिजचं हँडल फडक्यानं धरतात. मुकुंदला वाटायचं, सासऱ्यांचं सोवळं आहे.

२६ सप्टेंबर
डॉक्टर: हा विस्मरणाचा आजार वाढणार, घरी जमणार नाही. मुकुंदही तेच म्हणतोय, चिडून नाही, दमून. रेवा कॉलेजातून फोनवर: "मॉम, ही इज नॉट कन्फ्यूज्ड. ही इज ॲट वर्क." मग रडली.

३ ऑक्टोबर
मला सुचलं. गाडी पुढच्या स्टेशनात सगळी पोचली की तिथला मास्तर केबिनला फोन करून कळवायचा, असं अण्णाच सांगतात. मग आपणच कळवू. बाईचा आवाज चालणार नाही, त्यांच्या काळात बाई मास्तर नव्हती. म्हणून मुकुंद गॅरेजमधून सेलवरून. अण्णा डेकवर, मांडीवर घरचा फोन.
"हां केबिन, गाडी पूरी आयी."
"नंबर बोलो." हा खातरजमेचा नंबर असतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. मुकुंदनं ऑफिसचं एक्स्टेन्शन ठोकून दिलं. अण्णांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतलं. "ठीक है मास्टरसाब, चाय पिओ."
मुकुंद आत आला, नागपुरी थाटात: "घे, प्रमोशन झालं आपलं." खूप दिवसांनी हसलो.

१० ऑक्टोबर
आठवडाभर एकदाही खाली गेले नाहीत. नीट जेवतात. गाडी येते, फोन वाजतो, बसून राहतात. मुकुंद आता ऑफिसातूनही करतो, मी त्याला मेसेज टाकते.
पण. ज्या एका गोष्टीत हा माणूस आयुष्यात खोटं बोलला नाही, तीच आम्ही त्याला रोज खोटी सांगतोय. झोप हवी म्हणून की त्यांच्यासाठी? दोन्ही, असं लिहून मोकळं होता येत नाही.

१८ ऑक्टोबर
जेवताना: "सुमे, तो पुढचा मास्तर बघत नाही."
"कशावरून?"
"गाडी इथं माझ्यासमोर चालू असते, आणि हा म्हणतो पूरी आयी. असा माणूस लोकांना मारील."
मुकुंदनं वाटी बाजूला सारली. मीटिंगला जायचं होतं म्हणून त्यानं आज गाडी संपायच्या आतच फोन केला होता.

१९ ऑक्टोबर
मी ऑफिसच्या कॉलवर होते. मुकुंदचा फोन वाजला तो अण्णांनी उचललाच नाही, खाली रुळांवर गेले. या वेळी प्रवासी गाडी. थांबली, वेळेत थांबली. खिडक्यांतून माणसं बघत होती. अण्णा त्यांच्याकडे बघून हात जोडत होते. सगळे वाचले म्हणून.
आम्ही खोटा मास्तर उभा केला नसता, तर ते गेले असते? आधीही गेले होतेच. पण या वेळी आमच्यामुळे गेले.

२३ ऑक्टोबर
अशा पेशंटना ठेवतात ती संस्था पाहिली. दाराला कोड. स्वच्छ, माशांची टाकी, खिडकीतून पार्किंग. मराठी सोडाच, हिंदीही कुणाला येत नाही. शाकाहारी म्हणजे उकडलेला बटाटा. तिथली बाई चांगली होती. खोली रिकामी आहे, उद्या फोनवर थोडे प्रश्न विचारते म्हणाली. म्हणजे कुणाची तरी रिकामी झाली. परतताना कारमध्ये मुकुंद म्हणाला, "तू म्हणशील तसं. खरंच." यापेक्षा भांडला असता तर बरं.

२४ ऑक्टोबर
तिचा फोन आला. चालतात का, गिळता येतं का, रात्री उठतात का. भराभर उत्तरं दिली. मग विचारलं, पेशंटपासून कुणाला धोका आहे, स्वतःला की इतरांना? 'हो' म्हटलं तर खोली मिळते, हे तिनं आवाजातूनच सांगितलं. स्वतःला, हो. इतरांना? ते रुळांत उतरले ते इतरांना वाचवायलाच. आणि तरी त्या ब्रेकनं गाडीत कुणी पडलं असतं तर.
एक मिनिट थांबा म्हटलं. अण्णा बाथरूममधून हाक मारत होते, टॉवेल विसरले होते. टॉवेल दिला. पाठ ओली होती, पुसून दिली. "पाणी मस्त होतं गं," म्हणाले. खोलीत नेऊन बनियन घातला, भांग पाडला. जितका वेळ लावता येईल तितका लावला.
फोन उचलला तर ती अजून उत्तरासाठी थांबलेली होती.