स्वारगेटच्या पाहुण्या

आदरणीय सर,

रात्र रात्र झोप लागत नाही म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला मी अर्धा दिवस मागितला, तर तुम्ही म्हणालात, "पीएचडी करताना झोप कोणाला येते?" वर मलाच स्वारगेटला पिटाळलंत, विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर बोलायला येणाऱ्या बाईंना आणायला!

रिक्षात त्यांनी सहज विचारलं, "तू कशी आहेस गं?" मी ढसाढसा रडले. त्यांनी रिक्षा बाजूला घ्यायला लावली आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

उशीर झाला म्हणून तुम्ही चारचौघांत माझ्यावर डाफरलात आणि लगेच म्हणालात, "हस जरा, फोटो काढायचाय." सर, व्याख्यान रिक्षातच झालं. सभागृहात झाला तो नुसता तुमचा फोटो.

प्रबंधावर तुमची सही होईपर्यंत आपली आज्ञाधारक,
मैत्री