उकळलेलं औषध

१२ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

नर्सिंगच्या पोरींना मेसमध्ये पोटभर मिळतं का, असं आई रोज विचारते, एकदाचं कळव. बाबांचं मात्र काही खरं नाही. स्वादुपिंड पाचकरस करत नाही म्हणून डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्यात, तरी खाल्लेलं अंगी लागत नाही. कॅप्सूल घशाखाली उतरत नाही, म्हणून आईने युक्ती काढली आहे. ती उघडून आतले दाणे उकळत्या सुपात टाकते, विरघळेपर्यंत ढवळते आणि स्वतः भरवते. तिची धडपड बघून मला गलबलून येतं.

अभ्यास कर, माया राहू दे.

दादा

१९ जून

ती. दादास शि. सा. नमस्कार.

पत्र वाचलं तशीच लिहायला बसले. दादा, आधी ते सूप थांबव! त्या दाण्यांत एन्झाइम असतात. अन्न बारीक तोडायचं काम त्यांचं. तुटल्याशिवाय ते रक्तात जातच नाही. एकेक एन्झाइम स्वतः न संपता तोडतच राहतो, पण त्याचा आकार शाबूत हवा. उकळला की तो बिघडतो, मग गार करून उपयोग नाही; उकडलेलं अंडं काही पुन्हा कच्चं होत नाही. हे वर्गात शिकवलं तेव्हा मी पेंगत होते. दाणे गार, कुस्करलेल्या केळ्यात घाला, चावू देऊ नका. आईला कसं सांगायचं, ते मला सुचत नाही.

बाबांना जप, माझ्यावर लोभ असू दे.

तुझी ठमी

४ जुलै

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुझ्या आईला यातलं काही सांगू नको, डॉक्टरांनीच पद्धत बदलली म्हण. तसंच सांगितलं. आई आता केळ्यातून भरवते. पण डॉक्टर म्हणतात, शरीर फार खंगलंय, आता कितपत सावरेल सांगता येत नाही. काल बाबा दोन घासांवरच थांबले.

मग आईने मला स्वयंपाकघरात नेलं. म्हणाली, ही नवी पद्धत त्यांना मानवत नाही, माझ्या सुपावर निदान वाटी तरी संपवत होते. डॉक्टरांच्या पाया पड, पण ते पुन्हा सुरू करायला सांग. मी तोंड फिरवून भांडी विसळत राहिलो. ठमे, ती उद्या पुन्हा विचारेल. काय सांगू तिला?

लवकर लिही, दादावर रागावू नकोस.

दादा