समोरच्या इमारतीचं यंत्र

प्रिय गुंड्या,

खूप खूप आशीर्वाद. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा चष्मा लावून वाच. तुझी आई फोनवर म्हणाली, तू धड जेवत नाहीस. वैरी देशातल्या नव्या यंत्रांच्या कारखान्यांत आपला पैसा घालायचा नाही, असा सरकारने हुकूम काढला आणि तुझ्या कंपनीचा तिथल्या चिपच्या कारखान्याशी ठरलेला सौदा मोडला. तुझं तिकडे जाणंयेणंही थांबलं.

मला तर सरकारचं पटलं बाई. तुझ्या आजोबांचंच बघ ना. समोरच्या इमारतीशी आपली दरवर्षी बुद्धिबळाची चुरस. त्या समोरच्यांनी बुद्धिबळ शिकवणारं यंत्र घ्यायचं काढलं, वर्गणी कमी पडली, तर हे शहाणे पेन्शनमधून भर घालून आले! का, तर शिकवणीच्या फीमध्ये वाटा मिळणार. मिळाला हो, अगदी वेळेवर मिळाला. आणि स्पर्धेत त्याच यंत्रावर शिकलेल्या समोरच्या शिंपिणीने ह्यांचा वजीर असा उचलला, की चहाचं गार पाणी झालं तरी ह्यांचा कपाळावरचा हात खाली येईना. वर ती म्हणते कशी, आजोबा, सगळी तुमचीच कृपा! तेव्हापासून आपल्या घरातही माझा हुकूम आहे. समोरच्यांशी गोड बोला, पण पैसा घालू नका.

पण गुंड्या, सौदा मोडला म्हणून कोणी अन्नपाणी सोडतं का रे? मागे सौदे मोडले तेव्हा तू दुप्पट जेवायचास. मी अडाणी असेन, आंधळी नाही. त्या कारखान्यातली ती इंजिनियर मुलगी मला फोनवर दाखवायचास ना, 'कामासाठी बोलावं लागतं गं' म्हणून? कामाचं बोलताना कुणाचे कान लाल होत नाहीत. एकदा मी फोनवर शिंकले तर ती केवढी कळवळून काहीतरी म्हणाली! शब्द कळला नाही, पण पोरगी कळली.

म्हणून हे पत्र. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना जिन्यातच गाठून मी विचारून घेतलं. बंदी आपला पैसा तिकडे जाण्याला आहे, तिकडची सून इकडे येण्याला नाही. खात्रीसाठी पुन्हा विचारलं, तर त्या हसत सुटल्या. तेव्हा आधी जेव, मग तिला विचार. आजोबांनी तर आत्ताच पट मांडलाय. तिला बुद्धिबळ येतं का, तेवढं मात्र लगेच कळव.

तुझीच,
हरखून गेलेली आजी