राखाडी कागदावरची हिरवी पानं

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द सवयीने लिहिला आहे. गुडघ्यांची सध्याची अवस्था पाहता एकदा खाली गेलो तर वर कोण काढणार, हा प्रश्नच आहे. तेव्हा आठ अंगांपैकी जेवढी वाकतात तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घे.) तुझा खोकला कसा आहे? भावोजींनी गच्चीवर चढणं सोडलं, की अजून शेजाऱ्यांना दाखवायला चढतात? आमचं इकडे बरं चाललं आहे. हिची कंबर हवा बदलली की कुरकुरते, आणि माझा रक्तदाब हवा बदलली नाही तरी कुरकुरतो. बाकी क्षेम.

छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी घराचीच मुद्रितं तपासायला घेतली आहेत, असं हिचं म्हणणं. माणूस सारा जन्म दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घावर जगला की घरी आल्यावर डोळे काही पेटीत बंद करून ठेवता येत नाहीत. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर मी आधी दुरुस्त करतो, मग औषध घेतो. जिन्यातल्या 'थूंकू नये' या पाटीतला पहिला दीर्घ ऊकार मी खडूने ऱ्हस्व केला, तर खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तक्रार केली की पाटीची विटंबना होते आहे. (थुंकणाऱ्यांबद्दल त्यांची तक्रार नाही.) शेवटी रक्तदाब मोजता मोजता डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यात मला 'हृदय' चुकलेलं दिसलं, आणि यंत्राचा काटा त्यांच्या डोळ्यांदेखत वर गेला. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि हिला सांगितलं, यांना असं काहीतरी करायला द्या की ज्यात चूकच होऊ शकत नाही.

असं काम जगात असतं यावर माझा विश्वास नव्हता, पण हिने ते शोधून काढलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. लांब टेबल, उत्तरेकडच्या खिडक्या, आणि भिंतीवर मुद्दाम बंद ठेवलेलं घड्याळ. तिथे आठवड्यातून दोन सकाळी आमच्या वयाची माणसं बसून कागदावर नक्षी भरतात. शिकवणाऱ्या बाई आधी रुग्णालयात परिचारिका होत्या. बोलतात कमी, आणि बोलल्या तर बहुतेक वेळा एकच शब्द बोलतात, 'हळू'. त्यामुळे त्यांचं नाव हळूबाई पडलं आहे. पद्धत साधी आहे. तळहाताएवढा चौकोनी कागद घ्यायचा, चार कोपऱ्यांत चार ठिपके द्यायचे, ते जोडायचे, मध्ये एक वेडीवाकडी रेघ सोडायची, आणि जे कप्पे पडतील त्यांत एकेक नक्षी पुन्हा पुन्हा काढत राहायची. कुठे जाळी, कुठे थेंब, कुठे लाटा. एका वेळी एक रेघ. खोडरबर नाही, पट्टी नाही, कागदाला वरची बाजू नाही. मी पहिल्याच दिवशी विचारलं, रेघ चुकली तर? हळूबाई म्हणाल्या, "इथे चुकत नाही. पडलेल्या रेघेला पुढची रेघ सांभाळून घेते."

ताई, इतकी वर्षं नोकरी करून मला असं वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. हळूहळू मन रमलं. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईच्या रेघा म्हणजे माझं माहेरच. जाळी काढायला बसलो की श्वास रेघेबरोबर चालायचा, आणि उठेपर्यंत जगातली अशुद्धं जिथल्या तिथे सुखाने नांदायची. डॉक्टर खूश झाले. (त्यांनी तक्ताही बदलला, पण त्यावर मी बोललो नाही.)

मग हळूबाईंनी रंगीत कागद आणले. राखाडी, खाकी, मातकट. पांढऱ्या कागदावर आपण फक्त अंधार काढतो. उजेड आधीच असतो. राखाडी कागद मात्र मधोमध उभा असतो. काळ्या शाईने सावली द्यायची, पांढऱ्या पेन्सिलीने जिथे उजेड पडेल तिथे हलकेच घासायचं, आणि मधलं सगळं कागदावर सोपवायचं. कागद अर्धं काम स्वतः करतो. साधा गोल काढावा तर त्याचा मणी होतो, कागदातून वर उचललेला. मला पहिला मणी जमला तेव्हा मी त्यावरून बोट फिरवून पाहिलं. शेजारी बसणाऱ्या दातांच्या डॉक्टरीण आहेत, अतिशय शिस्तीच्या बाई. त्यांनीही माझ्या मण्यावरून बोट फिरवलं आणि आपल्या कागदाकडे वळल्या. याहून मोठी पावती मला छापखान्यात मिळाली नाही.

तिथून मी घसरलो. तसले कागद घरीच करावेत असं माझ्या मनाने घेतलं. कोऱ्या चहात कागद भिजवले की सुरेख मातकट होतात असं कुणीतरी म्हणालं होतं. मी मोठ्या पातेल्यात चहा उकळला, कागद बुडवले आणि दोरीवर वाळत घातले. त्याच दोरीखालच्या दोरीवर हिने नुकत्याच धुतलेल्या चादरी आहेत हे वर बघून काम करणाऱ्या माणसाला कसं दिसणार? चादरींवर ठिपके पडले. ही म्हणाली, आता यांतही जाळी भरा. चहा संपल्यावर ओट्यावर दुसऱ्या पातेल्यात तसंच पाणी दिसलं, म्हणून उरलेले कागद त्यात बुडवले. ते पालक उकडलेलं पाणी होतं. वाळल्यावर दोन्ही घाण्यांचे कागद मला हुबेहूब एकसारखे दिसले, म्हणून एकत्र गठ्ठा बांधला आणि वर्गात 'मातकट' म्हणून वाटून टाकला. लोकांनी कागदांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आभार मानले. शिष्टाचार हा किती घातक प्रकार आहे, बघ.

पुढची पायरी रंगांची. रंगीत पेन्सिलींची पेटी आणली. प्रत्येक पेन्सिलीच्या एका टोकाला रंगाचं नाव छापलेलं होतं. मी छापलेल्या मजकुरावर वाढलेला माणूस. मला वाटलं, नाव आहे ते टोक पुढचं. सगळ्या पेन्सिली त्याच बाजूने तासल्या. नावं केरात गेली. त्याचंही मला काही वाटलं नाही, कारण डोळे शाबूत आहेत अशी माझी समजूत होती.

मग मी मन लावून एक चित्र केलं. राखाडी कागद, मधून वर चढणारी वेल, प्रत्येक पानात वेगळी नक्षी, आणि पानांच्या बेचक्यांत फळांचे मणी. पानं हिरवी, फळं तांबडी, मण्यांच्या माथ्यावर पांढरा उजेड. ते काम पुरं व्हायला बऱ्याच सकाळी गेल्या, आणि सांगायला लाज वाटते, पण ते करताना मला एकदोनदा डोळ्यांत पाणी आलं. वर्गात ते टेबलावर ठेवलं तेव्हा सगळे गोळा झाले. कुणी म्हणालं, फारच धाडसी. कुणी म्हणालं, असं करायला हिंमत लागते. मी मान लववून स्तुती घेत राहिलो. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झाड वाळलेलं दाखवायचं आहे का? मी म्हणालो, छे, भर बहरातलं आहे. हिरवी पानं आणि पिकलेली फळं.

हळूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या, पेटीतल्या तीन पेन्सिली काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, यातली हिरवी मला द्या. मी दिली. त्यांनी ती हातात धरून ठेवली. "हळू," असं म्हणाल्या, पण या वेळी ते रेघेला उद्देशून नव्हतं.

त्यांच्याच सांगण्यावरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक पुढे धरलं आणि विचारलं, आकडा कोणता? मी पान जवळ घेतलं, लांब धरलं, उजेडात तिरकं केलं. मग त्याला सांगितलं की छपाई बिघडलेली आहे, ठिपके आपापल्या जागी बसलेले नाहीत, आणि आकडा छापायचाच राहून गेला आहे. ही प्रत मागे पाठवा. त्याने दुसरं पान उलटलं. त्यावरही आकडा राहिला होता. अख्ख्या पुस्तकाचं शुद्धिपत्रक काढावं लागेल असं मी म्हणत होतो, तेवढ्यात दाराशी उभी असलेली मदतनीस बाई लांबून सहज म्हणाली, त्र्याहत्तर. तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं.

हिरवा आणि तांबडा मला वेगळे दिसत नाहीत, ताई. कधीच दिसलेले नाहीत. बसमध्ये बसून मी मागचं सगळं उलगडत आलो. छापखान्यात दुरुस्त्या मी तांबड्या पेन्सिलीने करायच्या आणि मालकांनी हिरव्या शाईने सही करायची, असा नियम होता. एकदा अख्खं पुस्तक मी हिरव्याने तपासून दिलं, आणि मालक पुढे कितीतरी दिवस मला 'या, मालक' म्हणत होते. मला वाटायचं, माणूस विनोदी आहे. घरी बाजारातून टोमॅटो मी आणायचे नाहीत असा दंडक होता, तो मी बायकी हट्ट समजत होतो. कपाटात माझे सदरे आणि विजारी जोडीजोडीने लावलेल्या असायच्या. ती मी टापटीप समजत होतो.

घरी आलो तेव्हा ही मटार सोलत होती. मी समोर बसलो आणि डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं. हिने शेंग सोलून पुरी केली. मग म्हणाली, "मला माहीत आहे. लग्न झालं त्या वर्षी मी हिरवी शाल आणायला सांगितली होती, तुम्ही तांबडी आणलीत. आणि इतक्या कौतुकाने म्हणालात, बघ, कशी पानासारखी आहे."

ती शाल ही अजून वापरते. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, "चूक असती तर सांगितली असती. ती चूक नव्हती."

खोटं कशाला लिहू, मला रागच आला. आपल्याच घरात आपण पाहुण्यासारखे सांभाळले गेलो, असं वाटलं. वर्गाला जाणं सोडलं. वेलीचं चित्र कपाटामागे टाकलं. खिडकीत बसून समोरच्या झाडाकडे बघायचो आणि विचार करायचो, हे जे मला दिसतं आहे त्याला लोक काय म्हणत असतील? सगळ्यात वाईट हे की झाड आधी दिसायचं तसंच दिसत होतं. ते सुंदरच दिसत होतं. ते माझं खोटं मानायचं की खरं, हे काही केल्या ठरेना. ही मधूनमधून चहा आणून ठेवायची. डॉक्टरांनी काटा पाहिला आणि गोळी वाढवली.

एका सकाळी उठलो तर टेबलावर राखाडी कागद चिकटवून ठेवलेला, आणि शेजारी पेन्सिलींची पेटी. प्रत्येक पेन्सिलीभोवती हिने कागदाची बारीक पट्टी गुंडाळून चिकटवली होती आणि त्यावर रंगाचं नाव लिहिलं होतं. नुसतं नाव वाचून मला काय कळणार, म्हणून पुढे खूणही: हिरवा, समोरचं झाड. तांबडा, माझी शाल. करडा, तुमचे केस. आणि एका पट्टीवर 'जांबळा'. मी पेन उचललं, बराच वेळ हातात धरलं, आणि खाली ठेवलं. मग चार ठिपके दिले. ही शेजारी येऊन बसली आणि तिने आपल्यापुढेही एक कागद ओढला. आता आम्ही दोघं भरतो. मी रेघ ओढतो, ही सांगते कुठली पेन्सिल. कधी मी मुद्दाम न विचारता उचलतो, आणि ती म्हणते, राहू दे, ते तुमचं झाड आहे.

वर्गातही परत जाऊ लागलो आहे. वेलीचं चित्र हळूबाईंनी मागून घेतलं आणि त्या बंद घड्याळाखाली लावलं. नवी माणसं येतात आणि म्हणतात, धाडसी. मी आता खुलासा करत नाही.

भावोजींना नमस्कार. तब्येतीला जप. जिन्याला कठडा लावून घ्या.

तुझा भाऊ

ता. क. पत्र टपालात टाकायला निघालो तेव्हा ही विचारू लागली, सबंध पत्र जांभळ्या शाईत का लिहिलंत? मी निळ्यात लिहिलं आहे. तू निळंच समज.

दुसरा ता. क. आता खरं काम. तुझ्या थोरल्याला विजेच्या कामावरून काढलं, तारा दुसऱ्यांदा उलट्या जोडल्या म्हणून, आणि तेव्हापासून भावोजी त्याच्याशी बोलत नाहीत, हे मला तुझ्या धाकट्या सुनेने कळवलं. तू कळवलं नाहीस. डोळ्यांच्या डॉक्टरने मला सांगितलं की ही गोष्ट आईकडून मुलाकडे येते. आईला स्वतःला काही होत नाही, ती फक्त पुढे पोचवते. माझ्याकडे आपल्या आईकडून आली. तुझ्याकडेही आली असेल तर ती तुला कधीच कळणार नव्हती. सोबत कागदाचे दोन तुकडे घातले आहेत, एक हिरवा, एक तांबडा. हिने कालच रंगवले. भावोजी समोर असताना ते थोरल्यापुढे ठेव आणि दोन्हींत काय फरक आहे ते विचार. त्याने फरक नाही म्हटलं, तर त्याला निष्काळजी म्हणणं त्या दिवसापासून बंद करा. तो नीटच बघत होता. मग त्याला थोडे दिवस मामाकडे पाठवून दे. मला त्याच्याशी बोलायचं आहे, आणि हे बोलायला त्याला दुसरं कुणी मिळणार नाही.

तिसरा ता. क. तुकड्यांच्या पाठीवर हिने रंगांची नावं लिहिली आहेत. दाखवताना पाठ त्याच्याकडे जाऊ देऊ नकोस. तो वाचून सांगेल. तेवढ्यावर मी निवृत्तीपर्यंत पोचलो.