फळ्यावरचा जास्तीचा चौकोन

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घे.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आमचं बायबलचं भाषांतर 'येशूचे भाऊ' इथे अडलं आहे. ग्रीक शब्दाचं मूळ आपल्या 'सहोदर'सारखंच, एका उदरातला. पण हे भाऊ सख्खे की चुलत, यावर पंडितांची जुंपली आहे.

इथली पद्धत अशी, की प्रत्येकाने आपलं कुटुंब फळ्यावर काढायचं आणि शब्द त्याला लावून बघायचा. मी आईबाबा, तू आणि मी असे चार चौकोन काढले. सकाळी तुझ्यामाझ्यामध्ये पाचवा होता. पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. आत 'दादा' लिहिलेलं, माझ्याच अक्षरात.

आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "अहो, आल्यापासून तुम्हीच 'आम्ही तिघं भावंडं' म्हणताय की!"

शीण असेल. तू काळजी करू नकोस.

फक्त एक आठवून बघ. आपण चौघं, तरी आई पाच ताटं मांडायची आणि आपण तिला गणितात नापास ठरवायचो. आता ती तुझ्याकडे राहते, तर अजूनही एक ताट जास्त मांडते का? तिला काही विचारू नकोस. ते ताट ती कुणाच्या शेजारी ठेवते, तेवढं बघ.

तुझा धाकटा भाऊ
(एकुलता की कसा, ते तूच कळव.)